मदत हवी आहे : जर्मन सीमासैनिकाचा कोट, अस्सल की बनावट? (शनिवारपर्यंत सांगा)

रस्ताभुलल्या
मंडळी, घाईत आहे, थेट मुद्द्यावर येतो. एक करडा लोकरी कोट बघून ठेवलाय. हिरवी किनार, बाहीवर हिरवी पट्टी, पट्टीवर अक्षरं. विकणारा म्हणतो सीमेवरच्या सैनिकाचा आहे, शंभर टक्के अस्सल. ९० युरो सांगतोय, शनिवारपर्यंत बाजूला ठेवतो म्हणाला. घेऊ का? जाणकारांनी लवकर सांगा. 'गूगल कर' म्हणू नका, करून झालंय.

शंकेखोर
फोटो कुठाय? पट्टीवर काय लिहिलंय? आणि कुठल्या जर्मनीचा? १९४९ ते १९९० दोन जर्मनी होत्या, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना गणवेशातली माणसं उभी होती. एवढी घाई आहे तर एवढं तरी लिहायचं.

कोथरूडकर_काका
जुन्या बाजारात बघितलात का? बुधवारी की रविवारी? तिथला 'अस्सल' हा शब्द मी गेली तीस वर्षं ऐकतोय. एकदा अस्सल पितळी कंपास आणला होता, घरी येईपर्यंत उत्तर दिशा दोनदा बदलली.

रस्ताभुलल्या
काका, जुना बाजार नाही हो. मी जर्मनीत, कासेलला राहतो, इथल्या शनिवारच्या बाजारातला आहे. किंमत युरोत लिहिली होती की. तो माणूस फोटो काढू देत नाही. पट्टीवर 'ग्रेंझट्रुपेन डेअर डीडीआर' असं आहे, म्हणजे पूर्व जर्मनीचं सीमादल. आता तरी सांगा.

मुळ्येबाई_जर्मनवाल्या
ग्रेंझ नव्हे, ग्रेन्त्स. आणि डीडीआर नव्हे, डेडेएर. कासेलला राहून हे उच्चार?

पश्चिमवारा
माझा सल्ला : पूर्वेच्या मालाच्या नादी लागूच नका, पश्चिमेचा घ्या. बुंडेसग्रेन्त्सशुट्झ, म्हणजे पश्चिम जर्मनीचं सीमापोलीस दल, १९५१ साली उभं राहिलं. त्यांच्या जुन्या राखाडी-हिरव्या कोटाची लोकर हातात घेऊन बघा, पूर्वेचं कापड त्यापुढे गोणपाट. सत्तरच्या दशकात हाइन्त्स ऑस्टरगार्ड या फॅशन डिझायनरनं पोलिसांचा हिरवा-बेज गणवेश आखला, तोही यांच्याकडे आला. आणि दलदलीच्या नक्षीचे त्यांचे रानगणवेश! महायुद्धातल्या जर्मन नक्षीवरूनच घेतलेली नक्षी, त्यामुळे लबाड विक्रेते शिक्के काढून ते 'युद्धातलं' म्हणून खपवतात. २००५ पासून त्या दलाचं नाव बुंडेसपोलित्साय झालंय. माझ्याकडे तीन कोट, दोन पाठपिशव्या आणि एक जेवणाचा डबा आहे.

शंकेखोर
धागाकर्त्यानं विचारलंय काय, तुम्ही सांगताय काय. त्याला तुमचा डबा नकोय.

टॉर्चवाला
सोपा उपाय : अल्ट्राव्हायोलेट टॉर्च. तीनशे रुपयांत मिळतो. अंधारात कोटावर मारा. शिवणीचा दोरा निळसर पांढरा चमकला की माल नवा, विषय संपला. मी महायुद्धाचे बिल्ले असेच तपासतो.

एर्फुर्टची_सोनकी
टॉर्चवाले, इथे ती युक्ती उलटी पडेल. दोरा चमकतो तो कृत्रिम धाग्यामुळे आणि कपडे उजळ दिसावेत म्हणून वापरतात त्या रसायनांमुळे. १९४५ आधीच्या मालाला ती कसोटी थोडीफार चालते. सत्तर-ऐंशीच्या दशकात ही रसायनं सगळीकडे होती, धुण्याच्या पावडरीतसुद्धा. अस्सल कोटही दिवाळीसारखा उजळून निघेल आणि धागाकर्ते बिचारे तो सोडून येतील.

रस्ताभुलल्या, आता तुमचं. पहिली गोष्ट डोक्यातून काढा : असा साधा कोट बनावट शिवायच्या भानगडीत कोणी पडत नाही. १९९० मध्ये पूर्व जर्मनीबरोबर ते सीमादलही संपलं आणि गोदामंच्या गोदामं भरलेली राहिली. तो माल अजून बाजारात फिरतोय. अस्सल कोट इतका स्वस्त असताना खोटा कोण शिवेल? लबाडी असते ती जोडण्यात. कोट पायदळाचा, पट्टी सीमादलाची, खांदेपट्ट्या तिसऱ्याच्या, छातीवर चार पदकं, आणि किंमत दुप्पट. म्हणून 'अस्सल आहे का' हे विचारू नका, 'हे सगळं पहिल्यापासून एकत्र होतं का' ते बघा.

पट्टी कुठल्या बाहीवर आहे? कॉलरच्या पट्ट्या आणि खांदेपट्ट्यांची किनार कुठल्या रंगाची? आत अस्तरावर शाईचा शिक्का आहे का? शिक्क्यात एक अक्षर आणि एक आकडा असतो. अक्षर उंचीचं : के म्हणजे बुटका, एम मध्यम, जी उंच. आकडा छातीच्या निम्म्या मापाचा, ४८ म्हणजे ९६ सेंटिमीटर. आणि हळूच पट्टीची कड नखानं उचलून बघा. वर्षानुवर्षं तिथे असेल तर खालचं कापड बाजूच्या कापडापेक्षा गडद आणि ताजं दिसेल. आत-बाहेर एकसारखंच विटलेलं असेल तर पट्टी मागाहून आली.

टॉर्चवाला
मी वीस वर्षं हेच करतोय. प्रत्येकाची पद्धत असते.

निवृत्त_अभियंता
या धाग्यावरून आठवलं. १९८४ साली कंपनीनं हॅनोव्हरला पाठवलं होतं. एका शनिवार-रविवारी रेल्वेनं पश्चिम बर्लिनला गेलो. मारीनबोर्नला, पूर्व जर्मनीच्या सीमानाक्यावर, गाडी थांबली, बाहेर कुत्र्यांचा आवाज, डब्यात चिडीचूप. मग एक गणवेशवाला आला. त्याच्या गळ्यात पट्ट्यानं अडकवलेली चामडी पेटी, अगदी आपला चणेवाला गळ्यात टोपली अडकवून लोकलमध्ये फिरतो तशी. पेटी छातीपाशी उघडली की तिचंच टेबल व्हायचं, आत शिक्के, शाई, कागद. माझा पासपोर्ट त्यावर ठेवून त्यानं फोटोकडे, मग माझ्या कानाकडे बघितलं. खरंच कानाकडे! डोळ्यांकडे नाही. शिक्का मारताना पेटी जराशी हलली. आजही तो आवाज कानात आहे. किनार हिरवीच होती, करड्या कोटाला.

एर्फुर्टची_सोनकी
काका, सुरेख आठवण. पण तो बहुधा सीमासैनिक नव्हताच. नाक्यांवर पासपोर्ट तपासणारी पथकं ष्टासीची, म्हणजे गुप्तचर खात्याची होती, अंगावर गणवेश मात्र सीमादलाचा चढवलेला. कान बघायला त्यांना शिकवलेलं असायचं, कारण दाढी-केस बदलता येतात, कान नाही.

निवृत्त_अभियंता
बाप रे. म्हणजे चाळीस वर्षं मी चुकीच्या माणसाला घाबरत होतो.

बर्लिनची_बस
आणि तो प्रसिद्ध फोटो? काटेरी तारेवरून पश्चिमेकडे उडी मारणारा तरुण शिपाई? तो सीमासैनिकच ना?

शंकेखोर
कोनराड शुमान, १५ ऑगस्ट १९६१, बर्लिनमधली बेर्नाउअर श्ट्रासे. सीमासैनिक नव्हे, दंगलनियंत्रणासाठी असलेल्या राखीव पोलिसांपैकी होता. वय १९. पण धागा कोटाचा आहे.

सरळमार्गी
मला एक कळत नाही. बर्लिनच्या भिंतीपाशी किमान १४० माणसं मेली. ख्रिस ग्युफ्रॉय वीस वर्षांचा होता, फेब्रुवारी १९८९ मध्ये त्याला गोळी घातली, त्याच वर्षी नोव्हेंबरात भिंत उघडली. ज्यांनी गोळ्या घातल्या त्यांचा कोट घरात टांगायचा? हौस म्हणून?

पश्चिमवारा
म्हणूनच म्हणतो, पश्चिमेचा घ्या.

एर्फुर्टची_सोनकी
सरळमार्गी, प्रश्न रास्त आहे, पण उत्तर इतकं सरळ नाही. १९६२ पासून सक्तीची भरती होती, अठरा महिने. त्यातल्या कितीतरी पोरांना सीमेवर धाडलं. पहारा नेहमी दोघांचा, आणि आज जोडीला कोण हे आयत्या वेळी कळायचं, म्हणजे दोघांनी संगनमत करून पळू नये. माझ्या घरमालकानं असे हिवाळे काढलेत. तो म्हणतो समोरच्या जंगलापेक्षा शेजारच्याची जास्त भीती वाटायची. कोट हा इतिहास आहे, पूजेला मांडायची वस्तू नाही.

सरळमार्गी
गोळी घालणाऱ्यांवर नंतर खटले चालले, 'हुकूम होता' हा बचाव न्यायालयानं मानला नाही. एवढंच म्हणतो आणि थांबतो.

पार्सलराव
महत्त्वाची सूचना! वापरलेले कपडे भारतात आयात करायला परवाना लागतो. कुरिअरनं पाठवलात तर कस्टममध्ये अडकेल. माझ्या मावसभावाची दोन जाकिटं चार महिने अडकली होती. आणि भारतात सैनिकी गणवेश घालणं गुन्हा आहे.

शंकेखोर
आपल्या सैन्याचा गणवेश, तोही लोकांनी आपल्याला सैनिक समजावं या हेतूनं घालणं गुन्हा आहे. पूर्व जर्मन कोट घालून लक्ष्मी रोडवर फिरलात तर पोलीस नाही, फार तर उकाडा पकडेल.

रस्ताभुलल्या
मी भारतात काहीही पाठवत नाहीये!! आज मुद्दाम पुन्हा जाऊन आलो. सोनकीताई, घ्या : पट्टी उजव्या बाहीवर. अस्तरावर शिक्का 'एम ४८'. कॉलरच्या पट्ट्या हिरव्या. खांदेपट्ट्यांची किनार पांढरी, जरा पिवळट.

एर्फुर्टची_सोनकी
उजव्या? पट्टी डाव्या बाहीवर असायची. मग सरळ नाही म्हणा.

शंकेखोर
थांबा. कोणाची उजवी? कोट हँगरवर होता आणि तुम्ही समोर उभे होतात, बरोबर?

रस्ताभुलल्या
हो, समोरूनच. अरेच्चा. म्हणजे घालणाऱ्याची डावी.

मुळ्येबाई_जर्मनवाल्या
हरे राम.

एर्फुर्टची_सोनकी
बरं, मग पट्टी जागेवर आहे. खांदेपट्ट्यांचं मात्र बिनसलंय. पांढरी किनार मोटरवाहू पायदळाची, सीमादलाची हिरवी. मूळच्या पट्ट्या गेल्या असणार आणि त्यानं हाताशी होत्या त्या लावल्या. कोट कोणा मध्यम उंचीच्या सैनिकाचा, खरा. पट्टीची कड उचलून बघितलीत का?

रस्ताभुलल्या
बघितली. खालचं कापड बाजूपेक्षा गडद होतं, आणि एका टोकाला टाके हातचे, वेडेवाकडे.

पश्चिमवारा
हातचे टाके म्हणजे बनावट. कारखान्यात मशीन असतं.

एर्फुर्टची_सोनकी
पट्टी सैनिक स्वतः शिवायचे, पलंगावर बसून. शिवणकाम न येणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाचे टाके वेडेवाकडेच येणार. उलट मशीनची एकसारखी शिलाई दिसली असती तर मी जास्त चौकशी केली असती. खांदेपट्ट्या चुकीच्या आहेत हे त्याला दाखवा आणि ४० म्हणा. ५० च्या वर जाऊ नका.

आजोळची_पेटी
लोकरीला कसर लागते, तेवढं बघा. आमच्या आईच्या शालींत कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि लवंगा असायच्या. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवला तरी अळ्या मरतात. कॉलरच्या खाली आणि काखेत आधी बघा, तिथे घामाचं मीठ असतं, कसरीला तेच आवडतं.

शंकेखोर
एक प्रश्न राहिलाच. तुम्ही संग्राहक दिसत नाही. हा कोट हवाय कशाला?

रस्ताभुलल्या
ऑफिसमधल्या सहकाऱ्याच्या वडिलांचा सत्तरावा वाढदिवस आहे रविवारी. ते सीमेवर होते असं त्यानं एकदा सांगितलं होतं. म्हटलं काहीतरी वेगळं द्यावं.

सरळमार्गी
!!!

मुळ्येबाई_जर्मनवाल्या
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं. आधी त्या मुलाला विचारा. विचारल्याशिवाय हा कोट त्या घरात नेऊ नका. ते त्या दिवसांविषयी बोलतात की नाही, हे तरी ठाऊक आहे का?

एर्फुर्टची_सोनकी
बाईंशी सहमत. माझा घरमालक माझ्याशी बोलतो, पण मुलीसमोर विषय निघाला की उठून बागेत जातो.

रस्ताभुलल्या
विचारलं. सहकारी आधी गप्प झाला, मग हसला. म्हणाला, बाबांनी आपला कोट १९९० मध्येच टाकून दिला. पावसाच्या रेघांसारखी नक्षी असलेली रानातली विजार तेवढी ठेवली, ती गॅरेजमध्ये आहे. कुंपणाला रंग देताना घालतात, गुडघ्यावर अजून हिरव्या रंगाचे डाग आहेत. कोट नको म्हणाला. मी बाजारातल्या माणसाला 'नको' असं कळवलं, तर तो म्हणतो ६० ला घ्या.

पश्चिमवारा
त्याच्याकडे पश्चिमेचं काही आहे का? पत्ता द्या ना.

कोथरूडकर_काका
मग वाढदिवसाला काय नेणार?

रस्ताभुलल्या
आईनं पाठवलेल्या बाकरवड्या. कुंपणाला रंग द्यायचा चांगला ब्रश इथे कुठे मिळेल, कोणी सांगेल का?

टॉर्चवाला
ब्रशचे केस खरे आहेत का ते तपासायला टॉर्च न्या.