"वर्षाला १८च जहाजं जायची": न्यूपोर्टचा गुलामांचा व्यापार खरंच छोटा होता का?

पावसाळी_वाट

आम्ही बॉस्टनजवळ राहतो, आईबाबा इकडे आले की ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला एक चक्कर ठरलेली असते. समुद्र बघायचा, धनिकांचे ते अवाढव्य बंगले बघायचे, टेम्स स्ट्रीटवर खायचं आणि घरी. यावेळी बाबा म्हणाले मला बंगले नकोत, जुनं गाव दाखव, म्हणून पैसे भरून एक गाइडवाली चक्कर घेतली. दीड तासात व्हेलच्या तेलाच्या मेणबत्त्या झाल्या, धर्मस्वातंत्र्य झालं, १७६३ चं तुरो सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) झालं, सगळं छान सांगितलं, पण गुलाम हा शब्दच नाही. शेवटी बाबांनीच विचारलं. उत्तर आलं, "हो, थोडाफार व्यापार होता, वर्षाला १८च जहाजं आफ्रिकेला जायची." आणि पुढच्या घराकडे.

बाबा पीडब्ल्यूडीत आयुष्यभर रस्ते करत आले, त्यामुळे त्यांचा दुसरा प्रश्न त्यांच्या धंद्यातला, की बंदराच्या रस्त्यांवर एवढं दगडी काम करायला पैसा कुठनं आला? त्याचं उत्तर तिथे मिळालं नाही, घरी येऊन मी शोधलं आणि तेव्हापासून मला स्वस्थ बसवत नाहीये. ऱ्होड आयलंडच्या वसाहतीने बाहेरून आणलेल्या प्रत्येक गुलामामागे ३ पौंड कर लावला होता आणि १७२९ च्या कायद्याने त्या कराची वाटणी ठरवून टाकली, निम्मा पैसा न्यूपोर्टचे रस्ते फरसबंद करायला आणि निम्मा पुलांना. म्हणजे माणूस बोटीतून उतरला की तीन पौंड जमा, त्यातनं दगड!

१७०९ ते १८०७ या काळात ऱ्होड आयलंडच्या जहाजांच्या ९०० च्या वर फेऱ्या झाल्या आणि त्यांनी आफ्रिकेतून एक लाखाहून जास्त माणसं उचलली. अमेरिकेतून निघणाऱ्या गुलामांच्या जहाजांपैकी निम्म्याहून जास्त या एवढ्याशा राज्याची. याला "थोडाफार" म्हणायचं का? माझं म्हणणं सरळ आहे, की हे गाव गुलामीवर उभं राहिलं आणि ते तसंच सांगितलं पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

दर्यावर्दी_७

ताई, तुमचा संताप समजतो पण शेवटच्या वाक्याशी असहमत. मी २२ वर्षं मर्चंट नेव्हीत आहे त्यामुळे मी बंदराकडे मालाच्या हिशोबाने बघतो. तो १८ आकडा गाइडने मनाने सांगितलेला नाही. १७६४ मध्ये इंग्लंड मळीवरचा कर वसूल करायला निघालं तेव्हा ऱ्होड आयलंडने लंडनला एक लांबलचक निवेदन पाठवलं, त्यात तो आहे. वर्षाला साधारण १८ जहाजं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, सोबत सुमारे १८०० पिंपं रम. पण त्याच कागदात पुढे हेही आहे की एका वर्षात परदेशी गेलेली जहाजं १८४ आणि किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणारी ३५२. म्हणजे परदेशी जाणाऱ्यांतलं दहातलं एक. बाकीच्यांत मासे, चीज, घोडे, लाकूड, मेणबत्त्या. दोरखंड वळणारा, शिडं शिवणारा, पिंपं बांधणारा, फटी बुजवणारा, गोदीतला हमाल, या सगळ्यांना एका झटक्यात गुलामीवर जगणारे म्हणायचं हे मला पटत नाही. आणि गुलामांच्या व्यापारात इंग्लंडच्या लिव्हरपूल बंदरापुढे तर न्यूपोर्ट चिमूटभर होतं.

वारणाकाठ

दर्यावर्दी साहेब, हिशोब तुम्ही काढलाच आहे तर तो पुरा करूया, कारण तुम्ही उरलेली जहाजं मोजली पण ती गेली कुठे ते बघितलं नाही. त्याच निवेदनात लिहिलंय की साधारण १५० जहाजं दरवर्षी वेस्ट इंडीजला जायची. वेस्ट इंडीजला म्हणजे कुणाकडे? उसाच्या मळ्यांकडे. तिथे ऊस सोडून फारसं काही पिकवत नव्हते कारण साखरेत पैसा जास्त, मग मळ्यावरच्या गुलामांना खायला घालायला खारवलेला मासा इकडून जायचा, आणि तोही कसला तर युरोपात खपत नाही असा, तुकडे पडलेला, हलका. चरक ओढायला घोडे इकडून. साखर भरायच्या पिंपांच्या फळ्या इकडून. आणि परत येताना काय? मळी. वर्षाला १४००० पिंपं मळी, एकेक पिंप शंभर गॅलनच्या वरचं.

आमच्याकडे कारखान्याच्या मागच्या बाजूला मळीची टाकी आणि शेजारी डिस्टिलरी असते, त्या वासात मी लहानाचा मोठा झालो, त्यामुळे मला हे डोळ्यासमोर येतं. त्या वसाहतीत ३० च्या वर डिस्टिलऱ्या होत्या आणि त्यातल्या बहुतेक न्यूपोर्टला. मळी उकळून रम, रम आफ्रिकेला, तिथे एका माणसाचा भाव शंभर-दोनशे गॅलन रम, तो माणूस बार्बाडोस, जमैका नाहीतर चार्ल्सटनला विकायचा, आणि तिकडची मळी परत न्यूपोर्टला. गोल्ड कोस्टवर (आजच्या घानाचा किनारा) या लोकांना नावच पडलं होतं "रमवाले". तुमचा पिंपं बांधणारा माणूस चांगला असेल हो, पण त्याच्या पिंपात जाताना रम होती आणि येताना मळी. तेव्हा १८ नका धरू, १६८ धरा.

शाईची_दौत

वारणाकाठ, +१. भर घालते. त्याच निवेदनात आहे की युरोपात विकता येईल असा स्वतःचा माल वसाहतीकडे जेमतेम ५००० पौंडांचा, आणि इंग्लंडकडून घ्यायचा माल सुमारे १२०००० पौंडांचा. ही फट कशी भरायची? तर एकट्या आफ्रिकेच्या व्यापारातून वर्षाला सुमारे ४०००० पौंड इंग्लंडला पाठवता येतात असं ते स्वतःच लिहितात. ते काही लपवत नव्हते, उलट "हा धंदा गेला तर आम्ही बुडू" म्हणून आकडे देत होते. लपवालपवी नंतरची आहे.

सह्यकडा

सगळं खरं असेल पण आजच्या मापाने तेव्हाची माणसं मोजायची का? त्या काळी सगळं जग गुलाम ठेवत होतं. गोव्यात पोर्तुगीज मोझांबिकहून गुलाम आणत होते, आपल्याकडे मलिक अंबर लहानपणी विकला गेलेला हबशी आणि पुढे निजामशाहीचा वजीर झाला. कुणाला ते चूक वाटत नव्हतं. आणि आफ्रिकेतले राजे, दलाल स्वतः माणसं पकडून विकत होते, त्यांच्याबद्दल कुणी धागा काढत नाही.

शाईची_दौत

सह्यकडा, "कुणाला चूक वाटत नव्हतं" हे अजिबात बरोबर नाही आणि ऱ्होड आयलंडच्या बाबतीत तर मुळीच नाही. १६५२ मध्ये, म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या २२ वर्षं आधी, तिथल्या प्रॉव्हिडन्स आणि वॉरविक या गावांनी कायदा केला होता की कुणालाही दहा वर्षांपेक्षा जास्त गुलाम ठेवता येणार नाही. तो कधी पाळला गेला नाही ही गोष्ट वेगळी, पण चूक आहे हे कळत होतं म्हणून तर केला. १७६० मध्ये जॉन वुलमन हा क्वेकर (एका शांततावादी ख्रिश्चन पंथाचा माणूस) न्यूपोर्टला आला, तिथले गुलामांचे व्यापारी बघून त्याला अन्न जाईना असं त्याने लिहून ठेवलंय. पुढे सॅम्युअल हॉपकिन्स नावाचा पाद्री त्याच गावात, ज्यांच्या पैशावर चर्च चालायचं त्यांच्याच तोंडावर, व्यासपीठावरून या धंद्याविरुद्ध बोलायला लागला. १७७४ ला गुलाम आणायला बंदी झाली, १७८४ ला हळूहळू मुक्तीचा कायदा, १७८७ ला राज्यातल्या माणसाने हा धंदा करायलाच बंदी.

आणि बंदीनंतर काय झालं ते बघा. शेजारच्या ब्रिस्टलच्या जेम्स डिवुल्फने धंदा चालूच ठेवला. तिथे कस्टमचा अधिकारी म्हणून १८०४ मध्ये चार्ल्स कॉलिन्स बसला, तो कोण तर डिवुल्फांच्या घरचाच सोयरा. मग जहाजं अडवणार कोण? डिवुल्फ पुढे अमेरिकेचा सिनेटर झाला. कायदा माहीत असून मोडला, तेव्हा "काळ तसा होता" कसं म्हणायचं?

आफ्रिकन दलालांचं म्हणाल तर हो, गोल्ड कोस्टवरच्या अनोमाबू बंदरात तिथल्या फांटे जमातीचे दलाल होते, भावात घासाघीस करायचे, श्रीमंत झाले. त्यांचा वाटा त्यांच्या पदरात घाला ना. त्याने न्यूपोर्टचा वाटा कमी होत नाही.

रोखठोक

मी कुठेतरी वाचलं होतं की न्यूपोर्टचा हा सगळा धंदा ज्यूंच्या हातात होता, आरन लोपेझ वगैरे. ते कुणी बोलत नाहीये.

पावसाळी_वाट

रोखठोक, हे खरं नाहीये, आणि अशा गोष्टी फार पसरतात म्हणून स्पष्ट लिहिते. लोपेझने गुलामांची जहाजं पाठवली, त्यात सूट नाही. पण वर्नन बंधू, माल्बोन, प्रॉव्हिडन्सचे ब्राउन, ब्रिस्टलचे डिवुल्फ हे सगळे ख्रिश्चन, आणि धंद्याचा फार मोठा भाग अशांचाच. अब्राहम रेडवुड क्वेकर, वेस्ट इंडीजमधल्या अँटिगात उसाचा मळा आणि त्यावर गुलाम, त्याच्या देणगीतून १७४७ ला न्यूपोर्टची प्रसिद्ध लायब्ररी. लोपेझला तर १७६२ मध्ये याच राज्याने ज्यू म्हणून नागरिकत्व नाकारलं, ते त्याला मॅसॅच्युसेट्सला जाऊन घ्यावं लागलं. एका जमातीवर ढकलून गाव मोकळं होत नाही.

कुंदाची_वही

मी बरेच दिवस नुसती वाचते, पण एक विचारायचं होतं. न्यूपोर्टमध्ये जे गुलाम राहिले त्यांचं काय? सगळी चर्चा पिंपांची आणि जहाजांची चाललीये.

पावसाळी_वाट

कुंदाताई, बरं झालं विचारलंत. १७७४ च्या शिरगणतीत न्यूपोर्टची वस्ती ९००० च्या थोडी वर आणि त्यात बाराशेच्या वर काळे लोक. घरकाम, स्वयंपाक, गोदी, दोरखंड, डिस्टिलरी, सगळीकडे तेच. काहीजण पाथरवट होते. आम्ही त्या गाइडला सोडून फेअरवेल स्ट्रीटवरच्या दफनभूमीत गेलो, तिच्या एका कडेला आफ्रिकन लोकांच्या कबरी आहेत. बऱ्याच दगडांची अक्षरं आता झिजलीयेत. त्यातल्या एका पाटीच्या दगडावर कोरलंय की हा दगड पाँपे स्टीव्हन्सने आपला भाऊ कफी गिब्स याच्या आठवणीत कोरला, २७ डिसेंबर १७६८ ला वारला, वय ४०. बाबांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, सख्खे भाऊ तर आडनावं वेगळी का? मला एक मिनिट कळलंच नाही. मग लक्षात आलं, आडनावं मालकांची आहेत. एक स्टीव्हन्सच्या पाथरवटखान्यात आणि दुसरा गिब्सकडे. आणि तरी त्याने दगडावर स्वतःचं नाव घातलं आणि "भाऊ" हा शब्द कोरला.

आणखी एक माणूस सांगते. ऑक्रामार मारिकू, न्यूपोर्टमध्ये त्याचं नाव ठेवलं न्यूपोर्ट गार्डनर. गुलाम असताना इंग्रजी शिकला, संगीत शिकला, शिकवायला लागला, आणि १७९१ मध्ये लॉटरीत मिळालेल्या पैशातून स्वतःची सुटका केली. १८२६ मध्ये ऐंशीच्या घरात असताना तो लायबेरियाला जायला बोटीत चढला. लहानपणी जिथून आणला त्या किनाऱ्याकडे. पोचला आणि थोड्याच दिवसांत वारला.

कुंदाची_वही

वाचून गप्प बसले थोडा वेळ. धन्यवाद.

दर्यावर्दी_७

मी दोन दिवस लिहिलं नाही कारण वारणाकाठ यांनी सांगितलेल्या १५० जहाजांवर विचार करत होतो. तो मुद्दा मान्य, माझा हिशोब अर्धवट होता. आणि मधल्या वेळात मी सॅली या जहाजाची हिशोबवही बघितली, नेटवर आहे. ते न्यूपोर्टचं नाही, प्रॉव्हिडन्सच्या ब्राउन बंधूंचं, १७६४ ला निघालं, कॅप्टन एसेक हॉपकिन्स. मी आयुष्यभर लॉगबुक लिहिलीयेत, हवा, वेग, इंधन. या वहीत रमचे गॅलन जसे लिहिलेत तशाच ओळीत मेलेली माणसं आहेत, क्रमांक घालून. मुलगा वारला, बाई वारली, आणि एका बाईने खालच्या डेकवर स्वतःला फास लावून घेतला, तीही ओळ तशीच. १९६ माणसं घेतली, किमान १०९ गेली. मी वही मिटली आणि बायकोशी पण बोललो नाही त्यावर.

पण एक गोष्ट मी सोडणार नाही. सॅलीचा कॅप्टन आणि मासे खारवणारा कोळी यांना एकाच ओळीत उभं करू नका. नाहीतर थांबायचं कुठे? त्याच ब्राउनांपैकी मोझेसने सॅलीनंतर काही वर्षांनी, १७७३ मध्ये, आपले गुलाम सोडले, या धंद्याविरुद्ध जन्मभर झगडला, त्याचा सख्खा भाऊ जॉनवर १७९७ मध्ये बंदीचा कायदा मोडल्याचा खटला झाला त्यामागेही मोझेस आणि त्याच्या साथीदारांचा रेटा. आणि त्याच मोझेसच्या पैशावर पॉटकेटला स्लेटरची सूतगिरणी उभी राहिली, ती पुढे चालली गुलामांनी वेचलेल्या कापसावर. मग तोही दोषी? १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध लागलं, तो कापूस बंद झाला आणि आपल्या मुंबईत कापसाचा भाव आकाशाला भिडला, शेअरबाजार वेडा झाला. तोही पैसा त्याच साखळीतला म्हणणार का?

वारणाकाठ

साखळीतला होता, हो. दोषी म्हणणं वेगळं आणि साखळीत होता म्हणणं वेगळं. मला कोळ्याला फाशी द्यायची नाहीये, मला एवढंच पाहिजे की त्याचा मासा कुणाच्या ताटात जात होता ते सांगा.

सह्यकडा

मग नाव बदलून काय मिळवलं? राज्याच्या नावातलं "प्रॉव्हिडन्स प्लँटेशन्स" २०२० मध्ये मतदान घेऊन काढलं. १६३६ च्या भाषेत प्लँटेशन म्हणजे नुसती वस्ती, त्याचा गुलामांशी संबंधच नव्हता.

शाईची_दौत

शब्दाचा अर्थ तुमचा बरोबर आहे, इथे मी तुमच्या बाजूने. २०१० मध्ये लोकांनी हाच बदल नाकारला होता. माझ्या मते पाटी बदलण्यापेक्षा १७२९ चा कर लिहिलेली पाटी लावली असती तर जास्त कळलं असतं.

दर्यावर्दी_७

याला माझा पाठिंबा. ताई, त्या कराचं पुढे काय झालं?

पावसाळी_वाट

१७३२ ला रद्द झाला. माणुसकी म्हणून नाही, इंग्लंडच्या राजाकडून हुकूम आला, धंद्याला अडथळा होतो म्हणून. बाबांना त्या १७२९ च्या कायद्याची प्रिंट पाहिजे होती, ती काढून दिलीये, पुण्याला परत जाताना हँडबॅगेत घातली त्यांनी. ऑक्टोबरमध्ये मी परत जाणार आहे न्यूपोर्टला, यावेळी सुरुवात फेअरवेल स्ट्रीटपासून, जवळपास राहणारं कुणी येत असेल तर कळवा.