ओलाफर एलियासन या कलाकाराचा सूर्य, धुकं, बर्फ... कुणी पाहिलंय का? अनुभव लिहा

आमच्या गल्लीतला शेवटचा पिवळा दिवा काल उतरवला, पांढरा एलईडी लागला. आणि एकदम २००३ च्या थंडीतलं लंडन आठवलं. नवरा ऑनसाइटला, मी डिपेंडंट, चारलाच अंधार. टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय फुकट म्हणून शिरले, तर तिथल्या टर्बाईन हॉल या भल्यामोठ्या दालनाच्या टोकाला हा भला मोठा सूर्य! खरं तर अर्धंच वर्तुळ, उरलेलं अर्धं छताच्या आरशातलं. लोक चक्क जमिनीवर आडवे पडून आरशात स्वतःला शोधत होते. सूर्याच्या मागच्या बाजूला गेलं की दिवे, वायरी सगळं उघड दिसायचं. तो सूर्य ऊब काडीची देत नव्हता, तरी सगळे ऊन खात पडलेले. मीही. माझी लालभडक शाल मात्र काळपट.

कोकणी_मेवा: काळपटच दिसणार. ते दिवे जवळपास एकाच तरंगलांबीचे, साधारण ५८९ नॅनोमीटर. प्रकाशात लालच नाही तर शाल परत काय पाठवणार? आपले रस्त्यावरचे पिवळे सोडियम दिवे बहुतेक हाय प्रेशरचे, त्यात बाकीचे रंगही थोडे असतात.

वरणभात: सर, गृहपाठ नको 😂

स्लाऊची_सून: आम्ही २०१९ ला त्याच्या धुक्याच्या बोगद्यात गेलो, तोही टेटमध्येच. ३९ मीटर लांब, दीड मीटरपलीकडचं काही दिसत नाही. मध्येच धुक्याचा रंग बदलतो. सासूबाई पुढे, दर पावलाला "आहेस ना गं?" मग एकदम गप्प. माझ्या पोटात गोळा! बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "ऑपरेशनच्या आधी मला हे असंच दिसायचं. तुम्हाला वाटायचं, म्हातारी उगाच कुरकुरते." नवरा मोबाईलमध्ये डोकं खुपसून.

मी_नाशिककर: मोतीबिंदू कुठे केलं? आईचं करायचंय.

स्लाऊची_सून: पुण्यात. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

टिंग्याची_आई: डिसेंबर २०१८, टेटच्या बाहेर ग्रीनलंडच्या बर्फाचे दोन डझन मोठाले तुकडे. कान लावला तर आत तडतड! हजारो वर्षं कोंडलेली हवा सुटते म्हणे. टिंग्याने चाटलाच. पुढचा आठवडा सर्दी (हवा पुरातन, शेंबूड ताजा). कुकरची शिट्टी झाली, नंतर लिहिते

खवचट_काका: हवामानबदल समजावायला बर्फ बोटीत घालून लंडनला? कमाल आहे.

कोकणी_मेवा: काका, ते हिमनदीपासून आधीच तुटून फ्योर्डमध्ये (समुद्राच्या चिंचोळ्या खाडीत) तरंगत होते. वाहतुकीच्या कार्बनचा हिशेबही त्यांनी मांडला होता.

खवचट_काका: हिशेब मांडला म्हणजे धूर गेला का?

वरणभात: हा सूर्य-धुकं प्रकार म्हणजे कला की सायन्सचं प्रदर्शन? खरंच विचारतोय.

स्लाऊची_सून: सायन्सच्या प्रदर्शनात शेजारी पाटी असते, काय वाटायला हवं ते लिहिलेली. इथे सासूबाईंना जे वाटलं ते बोगद्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मी_नाशिककर: ताई, व्यनि आला नाही अजून