विषय: ल्युकॉइलचं काम गुंडाळताना आगाऊ रक्कम परत करायची का?

प्रेषक: सभासद, ह्यूस्टन

नमस्कार मंडळी,
ल्युकॉइल या रशियन तेल कंपनीच्या युरोपातल्या 100 टक्के उपकंपनीशी आमचा पंपदुरुस्तीचा करार आहे. 30 टक्के आगाऊ मिळालेत, काम अर्धवट आहे. 22 ऑक्टोबर 2025 ला ल्युकॉइल अमेरिकेच्या निर्बंध यादीत गेली. उरलेली आगाऊ रक्कम परत करून मोकळं होता येईल का?

प्रेषक: सभासद, न्यू जर्सी

ताई, ती रक्कम त्यांच्या खात्यात अजिबात पाठवू नका. यादीत नाव आलं की त्यांचा पैसा तुमच्याकडे असला तरी गोठतो. जनरल लायसन्स 126 (सगळ्यांना लागू असलेला सरकारी परवाना) 21 नोव्हेंबर 2025 पर्यंतच व्यवहार गुंडाळायला मुभा देतं, पण त्यांना देय असलेला पैसा अमेरिकेतल्या व्याज देणाऱ्या गोठवलेल्या खात्यातच जातो. त्याचा अहवाल ओफॅककडे (अमेरिकी अर्थखात्याचं निर्बंध कार्यालय) कामकाजाच्या 10 दिवसांत द्यायचा, आणि पैसा अडकून आहे तोवर दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत पुन्हा.

सगळ्यात जास्त चूक होते ती वळतं करण्यात. 'त्यांचं येणं आणि आपलं देणं जुळवून टाकू' हे गोठलेल्या पैशावर चालत नाही, त्याला वेगळा परवाना लागतो. दुबईच्या मध्यस्थामार्फत पैसे फिरवणं तर सरळ निर्बंध चुकवणंच.

गुंडाळायची मुदत 21 नोव्हेंबर 2025, अमेरिकेच्या पूर्वेच्या वेळेनुसार रात्री 12:01. म्हणजे ह्यूस्टनला 20 तारखेचे रात्रीचे 11:01! बँका असे वायर (बँकेतून पाठवलेले पैसे) तपासणीसाठी दिवसेंदिवस अडकवतात, त्यामुळे निदान आठवडाभर आधी हलवा. नवी ऑर्डर, मुदतवाढ, 'शेवटची एक खेप' यातलं काही गुंडाळण्यात बसत नाही. करार, बिलं, ईमेल 10 वर्षं जपा. मार्च 2025 पूर्वी ही मुदत 5 वर्षं होती.

प्रेषक: सभासद, फ्रँकफर्ट

एक भर. मालकीचा तक्ता मागवाच. निर्बंधित मालकांचे वाटे मिळून 50 टक्के किंवा जास्त भरले, तर यादीत नाव नसलेली कंपनीही अमेरिकेच्या नियमाने गोठते. गुजरातमधल्या वाडीनारच्या नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीत रोसनेफ्ट या निर्बंधित रशियन तेल कंपनीचे 49.13 टक्के आहेत. तेवढ्यावर ती त्या नियमात येत नाही. पण युरोपियन युनियनने 18 जुलै 2025 ला नायराचं नाव थेट आपल्या निर्बंध यादीत घातलं. त्यामुळे ह्यूस्टनच्या वकिलाने 'चालेल' म्हटलेला व्यवहार इथल्या, युरोपातल्या शाखेतून केला तर गुन्हा ठरू शकतो. बिल कुठली शाखा काढते, ते आधी बघा.

प्रेषक: सभासद, ह्यूस्टन

बिल रॉटरडॅमची शाखा काढते. आज तिकडची बिलं थांबवते, आणि गोठवलेलं खातं उघडायला बँकेला लेखी कळवते.