मुलींचा आवाज मूळ गावातलाच आहे

'व्हायोलिन-चेलो घातले की लोकगीताचा मातीचा वास जातो', हे या चर्चेत कुणीतरी लिहिलंय. एरवी मलाही तसंच वाटतं, पण नॅथली जोआकिम या हैतीयन वंशाच्या अमेरिकन गायिका-संगीतकाराच्या 'फाँम दायिती' (म्हणजे 'हैतीच्या बायका') या गाण्यांच्या कार्यक्रमाला ते लागू करू नका. २०१९ मध्ये स्पेक्ट्रल क्वार्टेट या तंतुवाद्यांच्या चौकडीबरोबर तिचा याच नावाचा अल्बम आला. दक्षिण हैतीतलं दांतान हे तिच्या घरच्यांचं शेतकरी गाव. तिथल्या मुलींचं समूहगान तिने तिथे जाऊन टिपलंय, आणि आजीचा आवाजही. हेडफोन लावून ऐका. मुलींचे स्वर थोडे खरखरीत, मोकळ्या गळ्याचे. ते कुठेही घासूनपुसून गुळगुळीत केलेले नाहीत. तंतुवाद्यं त्यांच्या भोवती जागा सोडून वाजतात. मी त्या जागी दर वेळी थांबते.

अजून एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाही. ज्या गायिकांना हा कार्यक्रम वंदन करतो, त्यांच्यासाठी गाणं म्हणजे नुसता 'वारसा' नव्हता. त्यांच्यातल्याच मार्था जाँ-क्लोदला १९५२ मध्ये गरोदर असताना तुरुंगात टाकलं होतं, आणि त्याच वर्षी तिला देश सोडून क्यूबाला जावं लागलं. क्रेओलला, म्हणजे हैतीतल्या सामान्य लोकांच्या बोलीला, तिथल्या राज्यघटनेत अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला तो थेट १९८७ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी या बायका मंचावर उभ्या राहून त्या भाषेत गात होत्या. म्हणून कार्यक्रमाला जाणार असाल तर गाण्यांचे अर्थ आधी वाचून जा, नुसत्या चालीवर समाधान मानू नका.