१२० मुलांचा हॉल, मागच्या बाकांना शब्द लागत नाही. आधी काय करावं?

मागचा_बाक:
एफ. वाय. बी. कॉम.चा अकाउंट्सचा वर्ग. हॉल १४ मीटर लांब, ९ रुंद, ४ उंच. जमीन सपाट, खाली शहाबादी फरशी, प्लॅस्टरच्या भिंती, वर उघडा स्लॅब, लांबलचक बाक जमिनीत ठोकलेले. पट १२०चा, रोज साठेक मुलं असतात. टाळी वाजवली तर घुमत राहते. फळ्याच्या दोन्ही बाजूंना मोठे स्पीकर आहेत, पण आवाज वाढवला की पुढच्यांचे कान किटतात आणि मागच्यांना तरी कळत नाही. प्रोजेक्टर ४००० ल्युमेनचा, पडदा १.२ मीटर उंच. पैसे एकाच मोठ्या कामापुरते मिळतील. नवे स्पीकर घ्यावेत, मोठा पडदा घ्यावा, की आणखी काही? शिवाय मुलं तासभर नुसती उतरवून घेतात, त्यावरही सुचवा.

ध्वनीकाम:
पैसे स्पीकरवर घालू नका. तुमचा आवाज कमी नाही, घुमतोय जास्त. स्पीकर मोठा केला की शब्द आणि त्याचा घुमारा दोन्ही सारखेच वाढतात.

हिशोब करून बघा. घुमण्याचा काळ = ०.१६१ × घनफळ ÷ एकूण शोषण. तुमचं घनफळ ५०४ घनमीटर, म्हणजे वरचा आकडा ८१. फरशी, भिंती, स्लॅब आणि बाक मिळून शोषण जेमतेम १७ चौरस मीटर (म्हणजे आवाज पूर्ण गिळणाऱ्या १७ चौरस मीटर पृष्ठभागाएवढं). बसलेलं एक मूल साधारण ०.४ देतं. ६० मुलं धरली तर १७ + २४ = ४१, म्हणजे जवळपास २ सेकंद. वर्ग पूर्ण भरला तरी सव्वा सेकंद. शिकवण्याच्या खोलीला ०.७ ते ०.९ हवा. एक अक्षर उच्चारायला पाव सेकंदही लागत नाही, म्हणजे मागची सात-आठ अक्षरं हवेत असतानाच पुढचं येऊन आदळतं. त्यात स्वर तगतात, व्यंजनं बुडतात.

आधी खात्री करून घ्या. शेवटच्या तीन ओळींना वीस आकडे लिहायला सांगा, सलग क्रमाने नव्हे: एकोणसाठ, एकोणसत्तर, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, सदुसष्ट, सत्त्याहत्तर असे. वीसपैकी दोनाहून जास्त चुकत असतील तर दोष मुलांच्या लक्षाचा नाही. अकाउंट्समध्ये तर हेच आकडे दिवसभर बोलले जातात.

उपाय असा: स्लॅबच्या दोन्ही लांब कडांना २-२ मीटर रुंद पट्टे, ०.७ शोषणाचे पॅनेल, म्हणजे आदळलेल्या आवाजातला ७० टक्के गिळणारे. ते ५६ चौरस मीटर होतात, शोषण ३९. मागच्या भिंतीवर २० चौरस मीटर, ५० मिमी जाडीचे, ०.८चे, ते १६. आधीचे ४१ धरून एकूण ९६, म्हणजे ०.८४ सेकंद, तेही निम्म्या हजेरीला. स्लॅबचा मधला पट्टा मुद्दाम उघडा ठेवा. तिथूनच तुमचा आवाज आपटून मागे पोचतो. सगळा झाकला तर मागची मुलं पुन्हा उपाशी. पंखेही तिथेच असतात, त्यामुळे काम सोपं जातं.

त्यानंतर आहेत त्याच स्पीकरची पातळी कमी करा. कॉलर माइकऐवजी गालाशी येणारा हेडसेट घ्या. फळ्याकडे वळलं की कॉलर माइक तोंडापासून दूर राहतो, नेमकं उदाहरण लिहिताना आवाज पडतो.

खडू_डस्टर:
ध्वनीचं पटलं. पडद्याबद्दल थोडं, कारण यातलं बरंच फुकटात होतं.

चष्म्याचा नंबर नसलेल्या डोळ्याला १४ मीटरवरून २ सेंमीचं अक्षर जेमतेम ओळखता येतं. आरामात वाचायला ५ सेंमी लागतं. देवनागरीत तर मात्रा, रफार, अनुस्वार वाचायचे असतात, त्यामुळे ५ला किमान समजा. १.२ मीटरच्या पडद्यावर ५ सेंमी म्हणजे स्लाइडवर साधारण ३२ पॉइंट, मराठीसाठी ३६ ते ४०. म्हणजे एका स्लाइडवर सहा-सात ओळी, बस. संपूर्ण ताळेबंद एका स्लाइडवर बसणारच नाही. तो छापून वाटा आणि पडद्यावर चालू असलेली नोंद तेवढी दाखवा.

पुढेमागे पडदा बदललाच तर उंची २.१ मीटर घ्या, आणि खालची कड जमिनीपासून दीड मीटरवर. सपाट जमिनीवर त्याखालचं सगळं पुढच्यांच्या डोक्यांआड जातं.

प्रकाशाचं मात्र आजच करा. त्या २.१ मीटरच्या पडद्यावर ४००० ल्युमेनचे साधारण ५६० लक्स (दर चौरस मीटरवर पडणारा उजेड) पडतात. ट्यूबांचा उजेड पडद्यावर ३०० लक्स असेल तर पांढरं काळ्याच्या तिप्पटही उजळ दिसत नाही. ५० लक्सवर आणलात तर बारापट. तुमचा पडदा लहान असल्याने चित्र याहून उजळ असेल, पण ट्यूबा त्यालाही फिकट करतात. वायरमनकडून फळ्याजवळच्या ट्यूबांची ओळ वेगळ्या बटणावर घ्या आणि फळ्यालगतच्या एकाच खिडकीला जाड पडदा लावा. बाकी वर्ग उजेडातच राहू द्या. अंधारात मुलांना लिहिता येत नाही.

प्रश्नपेटी:
उतरवून घेण्यावर. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझुर यांनी १९९१पासून वापरलेली पद्धत भरगच्च हॉलसाठीच आहे. दर १५ मिनिटांनी एक प्रश्न, असा:

“५,००,००० रुपयांचं यंत्र मागच्या वर्षी रोखीने घेतलं. यंदा १० टक्के घसारा लावला. या नोंदीने यंदाची रोकड किती घटली?” अ) ५०,००० ब) ४,५०,००० क) ५,००,००० ड) शून्य

उत्तर ड. अ निवडणाऱ्याला खर्च म्हणजे रोख असं वाटतं, ब वाल्याची गल्लत पुस्तकी किमतीशी होते. चुकीचे पर्याय असे मुलांच्या चुकांतूनच घ्या, नाहीतर मतदान वाया जातं.

मिनिटभर गप्प विचार, मग सगळ्यांनी एकाच वेळी रंगीत कार्ड छातीशी धरायचं. हात वर करायला लावू नका. मुलं हुशार मुलाकडे बघून हात उचलतात. बरोबर उत्तरं ३० ते ७० टक्के आली तर २-३ मिनिटं चर्चा आणि पुन्हा मत. ३०च्या खाली असेल तर चर्चेचा उपयोग नाही, पुन्हा शिकवा. ७०च्या वर असेल तर दोन वाक्यांत कारण सांगून पुढे जा. बाक ठोकलेले आहेत म्हणून विषम ओळींनी मागे वळायचं. चौघांचा गट आपोआप होतो.

पण साठ मुलं एकदम बोलणार, म्हणून ध्वनीकाम यांचं काम आधी. घुमणाऱ्या हॉलमध्ये ही चर्चा नुसता कल्लोळ होते.

मागचा_बाक:
मनापासून आभार. ठेकेदार पीओपीचं फॉल्स सीलिंग स्वस्तात करून देतो म्हणतोय. चालेल?

ध्वनीकाम:
नको. पीओपी गुळगुळीत आणि कडक, बोलण्याचा आवाज जवळपास सगळा परत फेकतं. थर्मोकोल आणि अंड्यांचे ट्रेही निरुपयोगी, वर पेट घेणारे. साधा पीयू फोम (गादीतला स्पंज) तर वर्गात आणूच देऊ नका. दाबलेल्या पॉलिएस्टर तंतूंचे किंवा कापडात मढवलेले खनिज लोकरीचे पॅनेल मागा, आणि दरपत्रकासोबत शोषणाचा व आगरोधक चाचणीचा अहवाल घ्या. स्लॅबला गळती असेल तर आधी ती थांबवा. पुढच्या उन्हाळ्यात रंगारी येईल तेव्हा पॅनेलवर ब्रश फिरवू देऊ नका. छिद्रं बुजली की शोषण गेलं.