मदत हवी आहे: श्रीलिपीतलं जुनं वार्तापत्र युनिकोडमध्ये कसं आणावं?

आमच्या मुद्रितशोधक-संपादकांच्या छोट्या संघटनेच्या वार्तापत्राचे ३६ जुने अंक युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतांत) आणायचे आहेत. सगळे पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये लावलेले, फॉन्ट श्रीलिपी या युनिकोड नसलेल्या जुन्या टंकप्रणालीतला श्री-देव-०७१४. मूळ फाइली आहेत, पीडीएफही आहेत. दोन फुकटचे कन्व्हर्टर वापरून पाहिले. रफार एक अक्षर मागे उडी मारतो, ‘कार्यशाळा’ची ‘र्कायशाळा’ होते आणि ‘सुऱ्या’च्या ‘सुर्या’. (मुद्रितशोधकांच्याच अंकात हे, लोक हसतील!) ओसीआर (पानाच्या चित्रावरून मजकूर ओळखणारं तंत्र) त्यातल्या त्यात बरं निघालं, पण शेजारशेजारचे दोन रकाने एकमेकांत मिसळले. पुन्हा टंकायला माणूस नाही. खर्च पाच हजारांपर्यंत जमेल, संगणकावर विंडोज १० आहे. रफार आणि ‘ऱ्य’ नीट सांभाळणारा, एकगठ्ठा फाइली घेणारा कन्व्हर्टर कुणी स्वतः वापरलाय का?