कपाळावरची गन की काखेतला थर्मामीटर

एकांनी विचारलंय की सिस्टरने पेशंटच्या कपाळावर ताप मोजायची गन धरून ९७ सांगितलं आणि लगेच काखेत लावला तर १०० आला, मग खरं कुठलं? मी वॉर्डात नर्स आहे, अशा वेळी मी तरी गनवर विसंबत नाही. ती कातडीवरून अंदाज घेते, कपाळाला घाम असला, डोक्यावर पंखा चालू असला की आकडा खाली येतो, आणि हुडहुडी भरून ताप चढत असतो तेव्हा तर कातडी गार आणि आत ताप असं असतं. काखेतलाही आतल्यापेक्षा साधारण १ डिग्री फॅरनहाइटने कमीच दाखवतो, म्हणजे तुमच्या पेशंटला ताप आहेच. तोंडातला बरा पण चहा घेतल्यावर १५-२० मिनिटं थांबा, आणि धाप लागलेल्या किंवा गुंगीतल्या पेशंटला तोंडात नकोच. कानातला पटकन येतो, फक्त मोठ्या माणसाचा कान वर आणि मागे ओढून टोक नीट बसवायचं. आयसीयूत अगदी नेमका हवा असेल तर लघवीच्या नळीतला किंवा अन्ननलिकेतला प्रोब, म्हणजे आत ठेवलेली ताप मोजणारी बारीक तार, असतो. आणि प्लीज, चार्टवर आकड्यापुढे काख की कान तेही लिहायला सांगा, सकाळी कानात आणि रात्री काखेत घेतला तर ताप उतरला की नाही कळणारच नाही.